मुंग्यांनी नेलेली कणीक

खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी मला आधी हात दाखवायला लावले.

लग्न झालंय का, मटण-मच्छी चालतं का, मित्र येणार का राहायला, हे प्रश्न मला तोपर्यंत पाठ झाले होते. नांदे गावात पोचण्याआधी मी नेऱ्याला आणि आसपास पाच खोल्या बघितल्या होत्या आणि पाचही ठिकाणी हीच प्रश्नपत्रिका. इथं मात्र ओट्यावर बसलेल्या त्या उंच, वाळक्या माणसानं चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, “हात म्होरं करा. दोनी. पालथं.” मला वाटलं, भविष्य बघतो की काय. त्यांनी माझ्या पालथ्या हातांवर वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवला आणि कागदांच्या कडांकडे टक लावून बसले. कागद हलले नाहीत. “ऱ्हावा,” म्हणाले. इतकी सोपी मुलाखत मला अख्ख्या हिंजवडीत कुणी घेतली नव्हती.

मग विचारलं, “काम काय करता?”

“टेस्टर आहे. सॉफ्टवेअर तपासतो.”

“म्हंजी?”

“दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या.”

त्यांनी आत वळून हाक मारली, “अगं, हितं बघ. ह्यांना तुझंच काम हाय, पर पगार मिळतुया!” आतून काकूंचा आवाज आला, “मग तुमाला ठिवा म्हणावं त्यांच्याकडं, चुकांचा तुटवडा न्हाई पडायचा.” हे घर मला तिथंच आवडलं.

ती वर्षं माझी फार वाईट गेली. वाईट म्हणजे काही झालं असं नाही. काहीच होत नव्हतं. सकाळी साडेसातला कॅब, पायी जावं तरी पोचेन इतकं अंतर आणि त्यात तासभर चिखलासारखी रुतलेली गाडी, दिवसभर चुका, परतीची कॅब. शेकडो वेळा मी एकच वाक्य लिहायचो: प्रणाली बरोबर आहे, वापरणाऱ्याची चूक आहे. कुणीतरी माणूस कुठंतरी बसून वैतागून तक्रार करायचा आणि मी त्याला नम्र भाषेत सांगायचो की बाबा रे, घोळ तुझाच आहे. अकरा वर्षं हे लिहून लिहून मला माणसांचाच कंटाळा आला होता. रविवारी तर मी नुसता पडून असायचो, छताकडे बघत. त्या छतावर एका रविवारी घर्रर्र आवाज सुरू झाला.

वरचा मजला अर्धा होता. स्लॅब पडला होता, भिंती उभ्या होत्या, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. वर गेलो तर त्या सगळ्या भोकांना काकूंच्या जुन्या साड्या ताणून बांधलेल्या, मध्ये जमिनीवर पितळी ताट, आणि त्या ताटावर वीतभर लांबीचं एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर डुगडुगत वर उठण्याची खटपट करतंय. एकावर एक असे दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. मालक भिंतीला पाठ लावून, धोतर वर खोचून, दोन्ही हातांत रिमोट घट्ट धरून उभे. हेलिकॉप्टर उडालं, मागे मागे गेलं, मग गोल फिरायला लागलं, गोल मोठा मोठा होत गेला आणि ते एका हिरव्या साडीत जाऊन अडकलं.

“घाणा घेतंय,” मालक म्हणाले. “बैल बांधल्यागत. पाव्हणं, तुमी चुका काढणारं. काढा.”

आम्हाला ते ‘पाव्हणं’ म्हणायचे, सगळ्या भाडेकरूंना. भाडेकरू हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. जमीन इमारतींखाली गेली, गोठ्याच्या जागी आठ खोल्या उभ्या राहिल्या, पण त्यांच्या हिशेबी आपल्या घरात माणसं मुक्कामाला येतात, इतकंच. गेलेल्या पाव्हण्याची राहिलेली वस्तू ते टाकायचे नाहीत. जिन्याखाली पोती होती, प्रत्येकावर कोळशानं खोलीचा नंबर. कुणाची चप्पल, कुणाचं हेल्मेट, कुणाचा कुकरचा एक डबा. “उद्या आला तर?” ते विचारायचे. कोणी येत नसे. ते हेलिकॉप्टर पाच नंबरच्या पोत्यातलं. बेंगळुरूला बदली होऊन गेलेल्या कुण्या इंजिनिअरचं.

आता खरी गोष्ट सांगतो, ती मला काकूंकडून हळूहळू कळली.

मालक गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. चाळीस वर्षं. चैत्रातल्या सप्ताहात त्यांची जागा ठरलेली, वीणेकऱ्याच्या उजव्या हाताला. त्या जागेवर दुसरं कुणी नुसतं बसलं तरी लोक ‘उठ रं’ म्हणायचे. आदल्या वर्षीच्या सप्ताहात त्यांचा उजवा हात चुकला. एकदा नाही, तीनदा. ठेका सुटला, टाळकरी एकमेकांकडे बघायला लागले. खरं तर हात बरेच दिवस थरथरत होता. चहाची बशी ओठाशी नेईपर्यंत अर्धा चहा धोतरावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या ते काकूंची पाठ वळली की जास्वंदीच्या कुंडीत टाकायचे. मंडळातली माणसं चांगली होती. त्यांनी आडून आडून सुचवलं की यंदा नेऱ्याचे गुरुजी आहेत, शाळेत शिकवतात, वाजवतात झकास, त्यांना बसवू. तुम्ही शेजारी बसा, मानानं.

मालक भडकले. भर देवळात म्हणाले, माझा हात थरथरत नाही, तुमचे डोळे हलतात. माणसं तोंडदेखलं बोलतात, वस्तू बोलत नाही. एक वस्तू मी हवेत उभी करून दाखवतो. सप्ताहाच्या आदल्या दिवशी, ताटावर, एक आरती होईपर्यंत. उभी राहिली तर मी वाजवणार. नाही राहिली तर पखवाज माझ्या हातानं गुरुजींच्या मांडीवर ठेवणार.

लोकांना वाटलं, म्हातारा रागात बोलला. पण म्हातारा घरी आला आणि त्यानं पाच नंबरचं पोतं उपसलं.

तर वस्तू खोटं बोलत नाही, या तत्त्वावर उभा राहिलेला हा माणूस पुढचे चार महिने रोज त्या वस्तूवर खोटेपणाचा आळ घेत होता. हवा आहे. मोबाइलचा टॉवर आहे. स्लॅबमधली सळई त्याला ओढतेय. चिनी माल आहे. एकदा तर समोरच्या इमारतीच्या लिफ्टला त्यांनी दोष दिला. “ती वर गेली का हे खाली येतंय, नीट बघा तुमी.” मी नीट बघितलं. लिफ्ट बंद होती.

मजा अशी की बऱ्याच वेळा त्यांचं बरोबर निघायचं. आधी पंख्यांच्या मधला दांडाच वाकलेला निघाला. त्यांनी देवघरातल्या तसबिरीची काच काढून आणली, दांडा तिच्यावर लाटण्यासारखा फिरवला आणि कान लावून ऐकला. “टक-टक करतोय. वाकलाय.” मी ऑनलाइन नवा मागवला. मग वरच्या पंख्याची दोन पाती एका उंचीवर फिरत नव्हती. आता हे फिरत्या पंख्यात दिसणार कसं? त्यांनी एका पात्याच्या टोकाला कुंकू लावलं, दुसऱ्याच्या टोकाला हळद. फिरवलं तर एक लाल कडं आणि त्याच्या खाली वेगळं पिवळं कडं. पिवळं पातं खाली चाललंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ते इवल्याशा चिमट्यानं वाकवून दोन्ही कडी एकात एक मिसळली तेव्हा मालक टाळी वाजवून हसले. अकरा वर्षांत मी एवढी सुंदर तपासणी केली नव्हती. हे मी त्यांना म्हणालोसुद्धा. “मग नोकरीला लावा की,” म्हणाले.

पंख्यांच्या वर एक बारीक आडवी काडी होती, दोन्ही टोकांना वजनाचे मणी. ती फिरती काडीच त्या हेलिकॉप्टरला सरळ ठेवते. मालक तिला तुरा म्हणायचे. तुऱ्याला दोन बोटांनी धरून हेलिकॉप्टर उचललं की त्याचा तोल कळायचा. नाक वर गेलं म्हणजे शेपूट जड. ते जड होतंच, म्हणून ते मागे मागे पळत होतं. मी म्हटलं, नाकात एखादं छोटं वजन चिकटवू, नळाच्या गळतीला लावतात तो लांबीचा गोळा लावू.

मालकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “पखवाजाच्या डाव्या अंगाला काय लावत्यात?”

“कणीक,” मी म्हणालो. एवढं मला माहीत होतं. भिजवलेली कणीक थापली की डावं अंग घुमतं. वाजवून झालं की खरवडून टाकायची, पुढच्या वेळी ताजी.

“मग? चाळीस वरसं कणकेनं तोल सांभाळलाय म्या.”

काकूंकडून हरभऱ्याएवढी कणीक आली. नाकाला लावली, तुऱ्याला धरून उचललं, हेलिकॉप्टर सपाट. पण मालकांना वाटलं, ही रात्रभर मुरली पाहिजे. भाकरीचं पीठ नाही मुरत, पण कणीक मुरते, हे त्यांचं शास्त्र. पखवाजाला कधीच मुरवून लावली नाही मग इथं का, असं मी विचारलं तर म्हणाले, “त्यो वाजतोय, ह्यो उडतोय. फरक हाय.” ओलं फडकं घालून हेलिकॉप्टर झाकून ठेवलं.

सकाळी फडकं उचललं तर अंगभर मुंग्या. नाकापासून शेपटीपर्यंत रांग, कणीक अर्धी गायब.

मी इतका हसलो की कॅब चुकली. खूप दिवसांनी हसलो होतो. मालक मात्र गंभीर. त्यांनी दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर पाण्याच्या परातीत, मधोमध पाटावर ठेवलं. मुंग्या बंद झाल्या, तरी सकाळी कणीक कमी. मग त्यांनी ते स्लॅबच्या हुकाला दोऱ्यानं टांगलं. तरी कमी. दोऱ्याला हळद फासली. तरी कमी. “ह्या मुंग्या हैत का सरकारी माणसं?” ते म्हणायचे. रोज सकाळी नाक हलकं, शेपूट जड, रोज घाणा. रोज मालक खाली येऊन काकूंना सांगायचे, “आज बी मुंग्यांनी घोळ घातला. न्हाईतर उभंच ऱ्हात व्हतं.” काकू चहा द्यायच्या. बशीत नाही, पितळी पेल्यात, अर्धाच भरून, म्हणजे सांडायचा नाही.

सप्ताहाला तीन दिवस राहिले. मालक कसल्याशा उताऱ्यासाठी पौडला गेले होते. मला सुट्टी होती आणि मी सवयीनं वर गेलो. हेलिकॉप्टर दोऱ्याला टांगलेलं. मी काकूंकडून चिमूटभर ताजी कणीक आणली, तोल सपाट केला, ताटावर ठेवलं आणि उडवलं.

ते गुडघ्याएवढं वर गेलं आणि उभं राहिलं.

मी काहीही करत नव्हतो. रिमोटच्या उजव्या दांडीवरून अंगठा उचलला होता. त्या यंत्राची गंमतच ती होती, चार महिन्यांच्या दुरुस्तीनंतर त्याला कुणी सांभाळायची गरजच उरली नव्हती. फक्त त्याला हलवायचं नाही, बस. ताटाच्या बरोबर वर ते थांबून राहिलं, लाल-पिवळं कडं एकात एक. चुका काढत काढत आम्ही शेवटच्या चुकीपाशी आलो होतो, आणि ती यंत्रात नव्हती.

दारात काकू उभ्या होत्या. धुण्याची बादली हातात.

“उभं ऱ्हायलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी बादली खाली ठेवली. मी हेलिकॉप्टर उतरवलं. त्या पुढे आल्या, वाकल्या, आणि नाकावरच्या कणकेतला अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा दोन बोटांनी खुडून पदराला पुसला. इतक्या सराईतपणे, की मला कळायला क्षणभर लागला.

“काकू, तुम्ही?”

“मुंग्या एकच दिस आल्या व्हत्या,” त्या म्हणाल्या. “धुणं वाळत घालाया रोज वर येतीच मी. सकाळी त्यांच्या आधी.” मग बादली उचलत म्हणाल्या, “त्यास्नी एवढंच ठावं हाय, बाबा. ती जागा गेली तर त्यो माणूस करंल काय दिसभर? आठ खोल्यांची झाडलोट? तोवर मुंग्यांवर जाऊं दे की खापर.”

“पण परवा काय? देवळात?”

“तवाच्याला बघू,” म्हणाल्या. “तवा बी मुंग्या येतील.”

संध्याकाळी मालक आले. बसमध्ये उभं राहून दमले होते, तरी टोपी काढायच्या आधी माझ्या दारात. “उडवलं का आज? रिपोर्ट काय?”

काकू मागे उभ्या होत्या. मी म्हणालो, “शेपूट जड आहे अजून, मालक.”

माझ्या नोकरीतला पहिला खोटा रिपोर्ट. मालक “बरं” म्हणून जिना चढून गेले, आणि मला रात्री जेवण गेलं नाही.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी, सकाळी सहा वाजता, त्यांनी दार वाजवलं. अंगात पांढरा सदरा, हातात कणकेचा गोळा. “चला.”

वर त्यांनी स्वतः कणीक लावली. थरथरत्या बोटांनी, पण बरोबर जागी. तुऱ्याला धरून उचललं आणि दाखवलं मला. सपाट. “आज मुरवायची न्हाई. ताजी. पखवाजावानी.” आणि रिमोट माझ्यापुढे धरला. “तुमी उडवा.”

“मालक, पैज तुमची आहे, तुम्ही—”

“उडवा म्हनतोय.”

मी उडवलं. गुडघ्याएवढं वर गेलं. मी अंगठा मुद्दाम हलवला, थोडा इकडे, थोडा तिकडे. हेलिकॉप्टर झोकांड्या खायला लागलं, मागे गेलं, घाणा सुरू. मी शक्य तितका वैतागलेला चेहरा केला.

“पाव्हणं,” मालक म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. “पयल्याच दिशी तुमच्या हातावर कागद ठिवून बघितलाय म्या.”

मी अंगठा उचलला. दुसरं काय करणार होतो? हेलिकॉप्टर दोन हेलकावे घेऊन ताटाकडे आलं आणि थांबलं. मालकांनी आरती म्हणायला सुरुवात केली. हळू, पहिल्या ओळीपासून, टाळ्या वाजवत. हात थरथरत होते, टाळी एखादी पुढे पडायची, एखादी मागे. सगळी आरती झाली. हेलिकॉप्टर होतं तिथंच होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“उतरवा. आता रिपोर्ट द्या. खरा.”

“यंत्र बरोबर आहे, मालक.”

पुढचं अर्धं वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं होतं. त्या दिवशी ते तोंडातून निघालं नाही. त्यांनीही मागितलं नाही. ते खाली बसले, ताटाशेजारी, आणि बराच वेळ नाकावरची कणीक अंगठ्यानं सारखी करत राहिले.

“हिला काय बोलू नका,” शेवटी म्हणाले. “दोन म्हैने झालं, कणकेत चिमटीचा वण बघतोय मी. मुंगीला काय नखं असत्यात व्हय?”

“मग बोलला नाहीत?”

“ती मला संबाळत हुती. मी तिला.” उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. “दोन म्हैने जास्तीचे मिळालं. लई झालं.”

त्याच सकाळी ते पखवाज डोक्यावर घेऊन देवळात गेले आणि म्हटल्याप्रमाणे आपल्या हातानं गुरुजींच्या मांडीवर ठेवला. मी कॅब सोडली होती. गुरुजी भले माणूस, संकोचून उठायलाच लागले. मालकांनी त्यांना खांदा दाबून बसवलं, सदऱ्याच्या खिशातून फडक्यात बांधलेली कणीक काढली आणि पखवाजाच्या डाव्या अंगाला थापायला बसले. वेळ लागला. बोटं सरळ जात नव्हती. मग त्यांनी मान हलवली, गुरुजींनी थाप मारली आणि आवाज असा घुमला की वीणेकऱ्यानं मान वर केली.

“वाजवा,” मालक म्हणाले. “कणीक मी लावीन. रोज येऊन.”

बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्यांनी पदरानं आधी डोळे पुसले, मग त्याच पदराला बोटं पुसली.